पत्रिकेतला फुलचंद

सपनाच्या लग्नाची पत्रिका मीच करणार, असं मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मालेगावात पत्रिका करणारे काही कमी नाहीत, पण नवरीचा सख्खा काका मी एकटाच!

माझ्या कॉम्प्युटरवर डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर आहे. जयंतीचे बॅनर, नामकरणाच्या पत्रिका, सगळं मी त्यावरच केलं. पण ते उघडेपर्यंत चहा उकळून निवतो. म्हणून या वेळी मोबाइलवर एक नवं अ‍ॅप घेतलं. त्यात पत्रिकेवर पिंपळाची पानं हलायची, बासरी वाजायची.

"जुन्यावरच करा ना," माझी बायको रत्नमाला म्हणाली. "ते कदी दगा नाही देत."

"त्यात पानं हालत नाहीत."

पत्रिकेची लिंक सगळ्या नातेवाइकांना गेली. वाहवा झाली. काही दिवसांनी आसेगावहून व्याह्यांचा फोन.

"नरेंद्रभाऊ, हा फुलचंद कोन होय?"

"कोन फुलचंद?"

"थेच तं मी इचारून राह्यलो. पत्रिकेत नवरदेव फुलचंद, नवरी संस्कृती. आमच्या पोराचं नाव अश्वजित हाय."

मी मोबाइलमध्ये जपून ठेवलेली पत्रिका पाहिली. अश्वजित आणि सपना, बासरीसकट.

"तुमचा मोबाइल बिगडला असन," मी म्हणालो.

मग मावशीचा रडत फोन, "सपनाचं मोडलं का रे?" तेवढ्यात सपनाचे वडील, माझे थोरले भाऊ माणिकराव, दारात उभे. "नरेंद्र, माह्या पोरीचं लगन तू कोनाशी लावून राह्यला?"

मी सगळ्यांना मोबाइल बंद करून चालू करायला लावला. फुलचंद जागचा हलेना.

शेवटी मोटरसायकल काढून आसेगाव गाठलं. व्याह्यांच्या ओसरीवर अर्धी भावकी बसलेली. मी ऐटीत माझी पत्रिका दाखवली.

"ही नाही. लिंक उघडा," नवरदेव अश्वजित म्हणाला.

उघडली. फुलचंद!

वर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. अश्वजितनं वाचलं. "काका, हे अ‍ॅप बंद पडलं. आता नुसती नमुन्याची पत्रिका दिसते." मग तो हळूच म्हणाला, "आता तुमीच सपनाले सांगा. सकाळपासून फोन उचलून नाही राह्यली. तिले वाटते, म्याच पोरगी बदलली."

तिथूनच सपनाला फोन लावला, समजूत घातली. घरी येऊन मुकाट्यानं जुनं सॉफ्टवेअर उघडलं, घाईघाईनं पत्रिका केली, छापली आणि गावोगाव स्वतः वाटली. नवरदेव अश्वजित, नवरी सपना, तारीख, ठिकाण, सगळं छापलं तसंच राहिलं.

लग्नाच्या दिवशी मी मंडपाच्या दारात स्वागताला उभा होतो. एक वयस्कर पाहुणे पत्रिका हातात घेऊन आले.

"तुमी कोन?"

"नरेंद्र. नवरीचा काका."

त्यांनी चष्मा लावून निमंत्रकांची नावं वरून खालपर्यंत वाचली. मग मीही वाचली. थोरले भाऊ होते, मावसभाऊ होते, शेजारीसुद्धा होते. मी टाइप केली तेवढी सगळी नावं त्या सॉफ्टवेअरनं इमानदारीनं छापली होती. माझं मीच टाइप केलं नव्हतं.

पाहुण्यांना दया आली. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "असू द्या. आले आहा तं जेवून जा."