वेळापत्रकातलं वादळ

मेहुणीच्या लग्नासाठी रजा मागायची प्लॅनरची छाती होईना. भर समुद्रात तेलविहिरीचा फलाट उभा करायचं वेळापत्रक त्याच्या हाती, आणि लग्न नेमकं क्रेनचं जहाज यायच्या आठवड्यात. मागे मेहुण्याचं लग्नही असंच हुकलं होतं. "या खेपेला आला नाहीत, तर घरात पाऊल टाकून बघा," बायकोने बजावलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

म्हणून गड्याने लग्नाच्या दिवसाचं, बावीस तारखेचं, काम वेळापत्रकातून गुपचूप उडवलं. कामच नाही म्हटल्यावर प्लॅनरची आठवण कोणाला येतेय?

साहेबांना आली. "बावीसला सगळं ठप्प का हो?"

"वादळ आहे साहेब," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"दोन महिने आधी कळलं?"

"जुन्या नोंदींवरून."

साहेब खूश झाले. असा दूरदृष्टीचा माणूस आपल्याच हाताखाली तयार झाला, असं ते चार जणांना सांगत सुटले.

दुपारी वेल्डिंगचे प्रमुख खुर्ची ओढून जवळ बसले. "वादळ दोन दिवस आधी सुरू करता का? आमचे सांधे व्हायचेत अजून." पाइपवाल्यांना ते दोन दिवस पुढे लांबवून हवं होतं. क्रेनवाले तर सरळच म्हणाले, "आमचं जहाज दुसऱ्याच कामावर अडकलंय. आठवडाभर होऊ द्या की, तुमच्या बापाचं काय जातंय?" ज्याची त्याची दिरंगाई वादळाच्या पोटात गेली. प्लॅनर बिचारा नाही कुणाला म्हणणार, आणि कुठल्या तोंडाने?

नवं वेळापत्रक पाहून साहेबांचा चेहरा उतरला. "सात दिवसांचं वादळ म्हणजे पोरखेळ नाही. सगळ्यांच्या रजा रद्द. आणि तुम्ही नियंत्रण कक्षातून हलायचं नाही. तुमच्याशिवाय ते कळणार कोणाला?"

खिशातला रजेचा अर्ज खिशातच राहिला.

बावीसला, म्हणजे वादळाच्या तिसऱ्या दिवशीही, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित होता. सगळे प्रमुख रेनकोट घालून खिडकीशी उभे.

"कुठंय हो तुमचं वादळ?" साहेबांनी विचारलं.

प्लॅनरने घसा साफ केला. "लांबलंय साहेब."

या उत्तराचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. "किती दिवस?" वेल्डिंगच्या प्रमुखांनी आशेने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"लग्न लागलं. आलं का तुमचं वादळ?"

"नाही गं अजून."

"मग या घरी. इथलं अगदी वेळेवर आहे."