बाटलीची नाडी

न्यूझीलंडमधल्या टौरंगात माझं बस्तान बसलं ते परांजपेकाकांमुळे, हे आधी सांगतो, बिअरचं नंतर. नववीतच शाळा सुटलेल्या, इथे कुणीच नसलेल्या मला त्यांनी घरात खोली दिली आणि किवीफळांच्या पॅकहाउसात चिकटवलं.

काका रोज सकाळी एका बाटलीची नाडी बघतात. घरी केलेली बिअर ते काचेच्या बाटल्यांत भरतात, प्रत्येकीत थोडी साखर घालून बूच मारतात. एक बाटली मात्र प्लास्टिकची. आत गॅस धरला की ती दगडासारखी होते. तोवर बाकीच्यांना हात लावायचा नाही. दोन बोटांनी दाबून, डोळे मिटून काका निकाल देतात, "मऊ आहे. घाई करणाऱ्याला फेस नाही." एकदा पोस्टमनच्याही हातात दिली होती. "दाबून बघ."

शिफ्टवरून येताना माझ्यात बूट काढायचंही त्राण नसतं. त्यात सुपरवायझर डेव्ह म्हणाला, "शनिवारी येतो, तुझ्या काकांची बिअर प्यायला." हंगामानंतर कुणाला ठेवायचं हे त्याच्या हातात. आणि गॅरेजात थंडी अशी, की गुरुवारीसुद्धा बाटली मऊच.

"काका, दुकानातून आणू का?"

"आण. सत्यनारायणाचा प्रसादही बाहेरूनच मागवू."

"अहो, पण नोकरीचा प्रश्न आहे."

"दही लागायला काय लागतं?"

"ऊब."

"मग? आईकडून तेवढं शिकलायस ना. झोप जा."

शनिवारी सकाळी बाटली कडक. "स्वीट ॲज," काका म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. मी गॅरेजात गेलो तर बाटल्यांच्या खोक्याभोवती गोधडी गुंडाळलेली. काकूंच्या साड्यांची, त्यांनीच शिवलेली. काकू गेल्यापासून काका दुसरं काही पांघरत नाहीत. वळून बघितलं, तर काका स्वेटरवर रेनकोट घालून उभे.

"रात्री गारठला असाल."

"घरात माणसं येणार म्हटल्यावर थंडी कसली? ही गेल्यापासून कोण आलंय इथे?"

संध्याकाळी फेस ग्लासाबाहेर आला. डेव्ह दुसरा ग्लास पुढे करत म्हणाला, "सीझन संपला तरी कामावर येत राहा रे." माझे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले. काका मात्र बसलेच नाहीत. वरची निवळ बिअर पाहुण्यांना ओतायची, तळाचा गढूळ घोट आपल्या ग्लासात. असं शेवटच्या बाटलीपर्यंत.

कधीतरी माझं घर होईल. पहिले पाहुणे काका. त्यांना खुर्चीतून उठू देणार नाही. निवळ त्यांना, गाळ मी पिईन.