गावात पहिली आलेली प्रतिकारशक्ती

आमच्या मरेल बे नगर परिषदेने गेल्या हिवाळ्यात एकमताने ठराव केला, की गावाची रोगप्रतिकारशक्ती असमाधानकारक आहे. ती नेमकी किती आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पण वाढवली पाहिजे याबद्दल दुमत नव्हतं.

आरोग्य समितीचे अध्यक्ष डॅरल व्हिटकोम यांनी मोहीम हाती घेतली. बेकरीवाल्याने मांस भरलेल्या 'मीट पाय'च्या कचोऱ्यांत हळद घातली. पेन्शनर मंडळी बर्फाच्या टबात बसू लागली. काहींना बाहेर काढायला अग्निशमन दलाची मदत घ्यावी लागली. पुढे परिषदेने कुठल्याशा कंपनीकडून एक यंत्र मागवलं. थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी किती त्वेषाने चालून जातात ते मोजायचं. जो पहिला येईल तो गावाचा 'आरोग्यभूषण'.

पहिली आली नोलीन पॅस्को. शाळेची बस चालवणारी, साठीला टेकलेली बाई. आयुष्यात तिला क्लबातल्या मटणाच्या सोडतीतही कधी काही लागलं नव्हतं. यंत्राचा काटा तिच्या नावावर शेवटच्या आकड्याला जाऊन अडकला. बँड वाजला, गळ्यात निळा पट्टा पडला, आणि नोलीन चक्क रडली.

पट्ट्याखाली मात्र प्रकार वेगळा होता. तिचे घोटे सुजले होते, नडग्यांवर लाल ठिपके उठले होते, नाकातून अधूनमधून रक्त यायचं.

"शक्ती उसळतेय गं," डॅरल म्हणाले.

"लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, डॅरल."

"म्हणजे विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. उत्तम लक्षण!"

पुढच्या आठवड्यात आरोग्यभूषण बसच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. नवऱ्याने, केव्हने, तिला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टर लोसा फालेआफा यांनी मूत्रपिंडाचा तुकडा तपासला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

"असं बघा, नोलीन. रक्तात पूरक प्रथिनं असतात. जंतू आला की ती हाकाटी करतात. ती हाक ऐकायला पांढऱ्या पेशींवर ग्राही असतात; कानच म्हणा. ऐकलं की पेशी धावत येतात आणि जंतूला फाडतात. तुमच्याकडे जंतू नाही, हाकाटी मात्र चालूच आहे. त्या धावून येतात आणि तुमचीच मूत्रपिंडं फाडतात."

"पण मी प्रतिकारशक्तीत पहिली आलेय!"

"ती ठणठणीतच आहे. आजारी तुम्ही आहात."

केव्ह खाकरला. "मग ते कान उपटूनच टाका ना, डॉक्टर."

"सगळे नाही हो. काही ग्राही कचरा उचलतात, काही खरे जंतू ओळखतात. आपण फक्त धिंगाणा घालणारा तेवढा बुजवायचा. त्यासाठी गोळी आहे. सोबत बाकीची औषधंही लागतील, आणि ती आजच सुरू करायची."

बातमी गावात पोचताच परिषदेची तातडीची बैठक भरली. शहरातली एक डॉक्टर मरेल बेची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून कमी करते आहे, याची गंभीर दखल घेण्यात आली. डॅरल लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन इस्पितळात हजर झाले.

"नोलीन, महिनाअखेर तुझ्या सत्काराला मंत्रीसाहेब येतायत. तेवढं होईपर्यंत गोळी थांबव. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"आणि माझी मूत्रपिंडं?"

"दोन आहेत ना?" डॅरल समजुतीने म्हणाले. "एक तुझं, एक गावाचं."

नोलीन खिडकीबाहेर बघत राहिली. त्या पट्ट्याचा तिला खरंच लळा लागला होता. इतकी वर्षं बस चालवून कुणी तिचं आडनाव विचारलं नव्हतं. आता बेकरीत लोक बाजूला होऊन तिला पुढे जाऊ देत. केव्हने तिच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला.

नोलीनने गोळ्या तोंडात टाकल्या, वर घोटभर पाणी घेतलं.

"डॅरल, कान बुजवायची गोळी तुला लागणार नाही. लॅमिंग्टन ठेव आणि नीघ."

परिषदेने मग खेळाडूंचा नियम लावला. स्पर्धेनंतर 'क्षमता घटवणारं द्रव्य' सेवन केल्याबद्दल नोलीनचा किताब रद्द झाला आणि दुसऱ्या क्रमांकाला गेला. दुसरे होते स्वतः डॅरल. त्यांच्या पायाचा अंगठा गाऊटच्या सांधेदुखीने टोमॅटोसारखा लाल झाला होता, त्या दाहाचेच गुण यंत्राने दिले होते. मंत्रीसाहेबांसमोर ते एका पायावर उभे राहिले. ही योगासनांची करामत आहे असं समजून मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या.

नोलीन वसंतात बसवर परतली. मूत्रपिंडं बरीचशी वाचली. पोरं पट्ट्याबद्दल विचारतात, तेव्हा ती हॉर्न वाजवते.

ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली. सगळे हसतात, डॅरलना नावं ठेवतात, मान हलवतात. आणि निघताना हळूच जवळ येऊन विचारतात, "पण पहिली येण्याआधी बाई खायची काय?"

तुम्ही सुशिक्षित, म्हणून विचारलं नाहीत. पण अगदी ओठांवर आलं होतं. सांगून टाकतो. तळलेले बटाटे. वर भरपूर व्हिनेगर.

लिहून घेतलंत ना?