गोदावरी गाळ ठेवते

आमच्या शेजारच्या गाडेकरबाईंच्या भातावर आमटी वाढली की त्या लगेच जेवत नाहीत. आधी ताट तिरपं करून बघतात. सावेडीतल्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, मलाही शिकवला. त्या निवृत्त झाल्या, भूगोल काही निवृत्त झाला नाही.

भिंगारच्या एका लग्नात त्यांनी मला, मी विचारलेलं नसताना, त्रिभुज प्रदेश समजावला. ताट जरासं कललं की आमटी सावकाश निघते, काठाशी तिचा वेग मरतो, डाळ खाली बसते आणि आमटीला फाटे फुटतात. ही गोदावरी. मग त्यांनी ताट एकदम उभं केलं. आमटी डाळीसकट शेजारच्या व्याह्यांच्या पांढऱ्या पँटवर गेली.

"ही कोकणातली नदी," बाई शांतपणे म्हणाल्या. "घाटावरून उडी, की समुद्र. गाळ टाकायला उसंत नाही. टाकलाच तर भरती-ओहोटी धुऊन नेते. म्हणून तिकडे खाड्या." व्याह्यांची समजूत मला घालावी लागली.

माणसांचीही त्यांनी हीच वाटणी केली होती. मी गोदावरी, म्हणजे मठ्ठ. त्यांची एकुलती एक लेक वैशाली मात्र कोकणवाहिनी. चालणं, बोलणं, भांडणं, सगळं धबाधबा. ती लग्न होऊन खरोखरच कोकणात गेली तेव्हा बाई कितीतरी दिवस स्वतःच्याच विनोदावर हसत होत्या. जरा जास्तच हसत होत्या.

गेल्या वर्षी वैशाली आजारपणात गेली. अस्थी तिथल्याच खाडीत सोडतो, असा जावयांचा फोन आला तेव्हा मी बाईंजवळच बसलो होतो. शाळेतली शुद्ध भाषा सोडून बाई एकदम अकोले तालुक्यातल्या आपल्या माहेरच्या बोलीत आल्या. "न्हाई. ती खाडी काही ठेवत न्हाई. इकडं आना. गोदावरी गाळ ठेवती."

जावई कलश घेऊन आले. मी दोघांना प्रवरासंगमला नेलं, प्रवरा गोदावरीला मिळते तिथं. बाईंनी स्वतःच्या हातानं अस्थी सोडल्या. राख पाण्यावर पसरली आणि तिथंच थांबली. जावयांनी हळूच विचारलं, समुद्राला पोचायला किती दिवस लागतील, आई?

मी मान खाली घातली. पुढे जायकवाडी आहे, आणि धरणात गाळ अडतो हे मी बाईंच्याच वर्गात शिकलो होतो. आता यांना हे कोण सांगणार?

"पोचायची न्हाई," बाईच म्हणाल्या. "म्होरं धरन हाय. मला ठावं हुतं." त्या पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या. "लई लांब गेल्ती पोर. आता हितंच राहू दे."