ज्याचा दात त्याच्या तोंडात

दात काही केल्या बसेना. डॉक्टरीणबाईंनी तो काढला, फिरवला, पुन्हा लावला. खुर्चीतल्या मास्तरीणबाई 'आ' वासून छताकडे बघत होत्या.

दाराशी हाताची घडी घालून दादा उभे. दादा म्हणजे डॉक्टरीणबाईंचे सासरे, दवाखान्याचे जुने दंतवैद्य. जन्मभर त्यांनी पेस्टचा गार गोळा पेशंटच्या तोंडात कोंबून मापं घेतली. कुणाला उमासे आले तर म्हणायचे, "ओकारीबिकारी काही नसते, मनाचे खेळ!" सुनेनं कॅमेऱ्यानं माप घेणारं यंत्र आणलं, तेव्हा त्यांनी अटच घातली, "पहिला दात चपखल बसला तर ठेव. नाहीतर यंत्र परत!" हाच तो पहिला दात. त्यांच्या स्वतःच्या जबड्यात सुनेनं स्क्रू बसवला होता, पण त्या स्क्रूवर बसवायचा दात त्यांनी याच हट्टापायी लांबवला होता.

"तरी मी सांगत होतो," दादा म्हणाले. "फोटोवरून कुठे माप मिळतं? उद्या शिंपीही फोटो बघून सदरे शिवेल!"

सुनेला रडूच फुटायचं बाकी होतं. यंत्र जाणार, आणि वर जन्माचे टोमणे! "थांबा, फाईल तरी बघते," ती म्हणाली.

पडद्यावर जबडा उमटला, अगदी रंगासकट. चहानं पिवळे पडलेले दात आणि मागे एक सोन्याची टोपी.

"अगंबाई! हे माझे नाहीत हो!" मास्तरीणबाई ताडकन उठून बसल्या.

दादांना अचानक खोकला आला. "मी जरा बाहेर बघतो, कोण आलंय..."

"दादा, आ करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

सोनं लखकन चमकलं.

"बाईंचं माप घेऊन तू जेवायला गेली होतीस, तेव्हा कॅमेरा माझ्याच तोंडात फिरवून जरा परीक्षा घेतली त्याची," दादा पुटपुटले. "म्हटलं, बघू फजिती होते का."

"पण बाईंच्या फाईलमध्ये?"

"आधी नवी फाईल उघडायची असते, हे मला काय ठाऊक? पेस्टला कुठे फाईल लागते!"

सुनेनं दात स्वच्छ केला आणि दादांना खुर्चीत बसवलं. दात टकदिशी बसला. घासावा लागला नाही, ठोकावा लागला नाही. दादांनी जीभ फिरवली, चावून पाहिलं, खोट शोधशोध शोधली. मिळेना. सुनेचा चेहरा असा खुलला की दादांनाही बरं वाटलं.

"आता माझं काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "पुन्हा यंत्र, की पेस्ट?"

दादा अदबीनं खुर्चीतून उठले.

"यंत्रच हो बाई," ते म्हणाले. "पेस्टनं फार ओकारी येते."