चेंडूवाचून व्हॉलीबॉल

व्हॉलीबॉल शिकवायला चेंडू लागतोच, असं कोण म्हणतं? मला तर अजिबात लागला नाही! पंचावन्न सालची गोष्ट. भोकरदन तालुक्यातली आमची चौथीपर्यंतची शाळा. शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांचा निरोप आला, "तालुक्याला व्हॉलीबॉलचा एकच चेंडू मिळालाय. महिन्यानं घेऊन फिरतो. ज्या शाळेची पोरं बराबर खेळतील, तिथंच ठेवीन."

मी पोरांना सांगून टाकलं, "चेंडू आपलाच!" दोन कडुलिंबांना दोरी बांधली, चुन्याची रेघ मारली आणि बिनचेंडूचा सराव मांडला. त्यासाठी गाणंही रचलं:

"खालून उचल गं, वरती धाड,
चांदणी दोरीच्या पल्याड पाड!"

काय सांगू! वाऱ्यावर जोंधळा डुलावा तशी पोरं डुलायची. हात वर, नजर आभाळात. नसलेला चेंडू सगुणा उचलायची, कडूबा पुढं द्यायचा आणि पलीकडून तुळजा असा हाणायची की इकडची चार पोरं आडवी!

साहेब आले. पिशवीतून चेंडू निघाला. कोऱ्या चामड्याचा, टम्म फुगलेल्या भाकरीसारखा! पोरांनी गाणं धरलं, खेळ रंगला आणि साहेबांनी चेंडू मैदानात फेकला.

तो सगुणाच्या खांद्यावर आदळून खाली पडला. तिनं तो पायानं बाजूला सारला!

"अगं सगुणे, चेंडू घे ना!"

"घेतला की गुरुजी! कडूबाकडं गेला बी!"

"तो न्हाई गं! हा! हा खरा!"

कडूबा वैतागला. "गुरुजी, हे काय मधी मधी येऊन राह्यलं? उचला ना जल्दी! पाय अडकून पडंल कुणी!"

मी चेंडू उचलून एकेकाच्या हातात कोंबू लागलो. पोरं मलाच ढकलू लागली. भर मैदानात चेंडू घेऊन वेड्यासारखा पळणारा मी एकटा! तेवढ्यात तुळजानं हवेत फटका हाणला.

"आत पडला!"

"बाहेर! बिलकुल बाहेर!"

झालं! कडूबानं तुळजाची वेणी धरली, सगुणानं गाणं सोडून भोकाड पसरलं. गेला आमचा चेंडू! मी हात जोडत साहेबांकडं धावलो. "साहेब, माफ करा, पोरं लहान आहेत…"

साहेब चुन्याच्या रेघेपाशी उकिडवे बसले होते.

"गप बसा हो गुरुजी! आत पडला. मी बघितला ना!" आणि त्यांनी मातीवर बोट टेकवून जागा दाखवली.

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि टाक बुडवून लिहिलं, "खेळ अत्युत्तम. मुले तरबेज. या शाळेस चेंडूची आवश्यकता दिसत नाही."

आणि चेंडू पिशवीत घालून पुढच्या गावाला गेले!

मी दोरीखाली खुळ्यासारखा उभा. मागून कडूबा ओरडला, "गुरुजी, सरका! तुमच्या डोक्यावर येऊन राह्यला!"

खोटं कशाला सांगू? मी वाकलो.