अख्खं पाकीट

"अर्धंच टाका टीचर, उरलेलं महिन्याभराने," असं रोस्लीने बजावलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

बी खेंगबाईंनी मलेशियातल्या पिनांगच्या शाळेत सारी हयात गणित शिकवलं होतं. कुणी काही करा म्हटलं की त्या ते करत नसत, हे त्यांचा नवरा हयात असल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅटच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीत मासे सोडले, जिवंत प्रवाळं लावली. हळूहळू पाण्यात नायट्रेट साचलं, दगडांवर शेवाळ चढलं. त्यावर उपाय म्हणजे पाकिटातले हे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. ते एका नळीत भरून पाण्याने घुसळत ठेवायचे. त्यांवर जिवाणू वाढतात आणि नायट्रेट फस्त करतात. रोस्ली प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष, त्याला यातलं कळत होतं.

"अपूर्णांक मी शिकवलेत," असं म्हणून बाईंनी अख्खं पाकीट नळीत रिकामं केलं.

दोन दिवसांत टाकीतलं पाणी दुधासारखं झालं. मुलगी हुई शिन आली तेव्हा तिला टाकीत काहीच दिसेना.

"आई, मासे कुठायत?"

"आहेत तिथंच आहेत. तुला दिसत नाहीत, त्याला मी काय करू?"

एवढ्यात पाण्यातला मळ फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर उतू गेला. फेस फरशीवरून गॅलरीत गेला आणि गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या देवराजूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. देवराजू ती चादर घेऊनच वर आले. चादर कठड्याबाहेर वाळत घालायला परवानगी कुणी दिली, असं बाईंनी त्यांनाच विचारलं. तोवर मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पाण्यातला प्राणवायू जिवाणूंनीच संपवत आणला होता. बाईंचा लाडका केशरी मासा तर एका कुशीवर कलला. त्याला बघून बाईंचा हात फोनकडे गेला. क्षणभर तिथं थांबला आणि परत आला.

"रोस्लीला विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "देवराजू, तुमच्याकडे टेबलफॅन आहे ना?"

भांडायला आलेले देवराजू थोड्याच वेळात फॅन तिरपा धरून पाण्यावर वारा घालत बसले होते. हुई शिनने दुकानातून हवेचा पंप आणला. बाई पातेल्याने पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहिल्या. दंड भरून आले, पण मासा सरळ झाला.

पुढे पाणी निवळलं, इतकं की टाकीत पाणी आहे की नाही असं वाटावं. शेवाळ गेलं. मात्र प्रवाळांचा गडद जांभळा नि हिरवा रंग उतरून ती फिकी पडली. पाण्यात खायलाच काही उरलं नव्हतं. बाईंना ते दिसत होतं, पण त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत.

क्लबची मंडळी टाकी बघायला आली ती नेमकी त्याच आठवड्यात. हुई शिनने कोपी, म्हणजे तिथली कडक कॉफी, केली, पण कप तसेच राहिले. सगळे काचेला नाक लावून त्या फिक्या रंगांकडे भारावून बघत होते.

"माझं चुकलं, टीचर," नळीतले भरगच्च दाणे बघून रोस्ली शेवटी म्हणाला. "अख्खं पाकीटच टाकायला हवं. आम्हीही सगळे टाकतो."

बाई ज्या वाक्यासाठी झुंजल्या होत्या, ते हेच. हुई शिनला वाटलं, आता आई समाधानाने बसेल. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"कुणी सांगितलं तुला? उपाशी आहेत ती प्रवाळं. मासे मरता मरता वाचलेत. अर्धंच टाकायचं, तेही हळूहळू."

"पण रंग तर बघा किती नाजूक आलेत."

"आजारी माणसाचाही नाजूकच येतो."

रोस्ली हसला. "तुम्ही उगाच नम्रपणा करताय."

बाईंवर हा आरोप जन्मात कुणी केला नव्हता. त्यांनी बाह्या वर सारल्या, नळीचा पंप बंद केला, ती उघडली आणि अर्धे दाणे सगळ्यांसमोर ओंजळीने उपसून रोस्लीच्या कोपीच्या बशीत ओतले.

"आता बोल," त्या म्हणाल्या.